गाठ कोणत्या वाटेने बाहेर काढावी

तीर्थरूप वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (मान पुढे वाकवायला अजून मनाई आहे, त्यामुळे हा नमस्कार ताठ मानेने केलेला आहे. गैरसमज नसावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कटकट वाजतात असं म्हणाला होतात, ते वाजणं थांबलं की नुसती सवय झाली? यजमानांचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत आहेत आणि आपण ठणठणीत आहोत हे दिवसातून बऱ्याचदा बोलून दाखवतात. त्यावरून त्या किती ठणठणीत आहेत याचा तुम्हाला अंदाज येईल. तुमचे बंधूही बरे आहेत. ऑपरेशन माझं झालं, पण अशक्तपणा त्यांना आला. आता तोही उतरतो आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, "नेमकं काय झालं ते एकदा नीट सांग." मी सांगणारच होते, पण तुम्ही बोलत होतात. (ही तक्रार नाही. त्या आठवड्यात मला डॉक्टरांनी फारसं बोलू नका म्हणून बजावलं होतं आणि तुमच्याइतकी ती आज्ञा कोणी पाळू दिली नाही.) म्हणून हे पत्र. लांबेल. चहा घेऊन बसा.

सुरुवात आईंच्या डोळ्यांपासून झाली. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं दिसायला लागलं आहे. आधी पंख्यावरची धूळ दिसली, मग बाथरूमच्या कोपऱ्यातली तडकलेली फरशी, मग तुमच्या बंधूंच्या डोक्यावरचं विरळ होत चाललेलं रान. आणि एके सकाळी मी चहाचा कप पुढे केला तेव्हा कप न घेता त्या माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. "काही गिळलंयस का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. "मग ते तिथे काय अडकलंय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं. गळ्याशी काहीतरी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोळी गिळताना ती मध्येच थबकायची. उताणं झोपलं की कोणीतरी गळ्यावर अलगद हात ठेवून बसल्यासारखं वाटायचं. पण माहीत असणं आणि मनावर घेणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं. त्यातून माझं काम हे असं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत पडद्यासमोर बसून मी दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवरचे फोड, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि मानेवरच्या सुरकुत्या काढत असते. दिसलं की पुसायचं. इतक्या वर्षांनी हात आपोआप चालतो. आरशात स्वतःला बघताना हातात माऊस नसतो एवढंच, पण डोळे आपलं काम करून टाकतात.

तर डॉक्टर. मानेची ऑपरेशनं करणारे हे गृहस्थ वयाने तरुण, आवाजाने मऊ, आणि चित्रं काढायचे भारी शौकीन. काहीही विचारा, कागद ओढून मान काढायला सुरुवात. त्यांच्या टेबलावर मानांचा ढीग पडला होता. त्यांनी माझा गळा चाचपला, सोनोग्राफी करून घेतली, सुई घालून थोडा अंश तपासायला पाठवला. निष्कर्ष असा निघाला की थायरॉइडच्या एका बाजूला गाठ आहे, साधी आहे, कॅन्सरची नाही, पण मोठी झाली आहे आणि श्वासनलिकेला हळूहळू बाजूला ढकलते आहे. ती बाजू काढून टाकलेली बरी. मी मान हलवली. (तेव्हा हलत होती.) मला भीतीबिती वाटली नाही. फक्त एक गोष्ट मनात अडकली. डॉक्टर चित्र काढता काढता म्हणाले, की आवाजाची नस या ग्रंथीच्या अगदी मागून जाते, आम्ही ती जपतो, सहसा काही होत नाही, पण क्वचित एखाद्याचा आवाज बसतो, आणि त्यातल्याही क्वचित एखाद्याचा बसलेलाच राहतो.

वन्सं, मी काही गात नाही. पण माझा आवाज ही काळाने हात फिरवायची राहिलेली तेवढी एकच गोष्ट आहे. फोनवर अनोळखी माणसं मला अजून कॉलेजातली मुलगी समजतात आणि "घरात कोणी मोठं आहे का?" विचारतात. आणि स्वयंपाकघरातून मी एक हाक मारली की तीन खोल्यांतली तीन माणसं हलतात. ती हाक घोगरी झाली तर कोण हलेल? हे मी कोणाला बोलले नाही. गाठ काढायला जाताना आवाजाचं काय घेऊन बसायचं, असंच सगळे म्हणाले असते, आणि म्हणणाऱ्याचं चुकलंही नसतं.

पुढे डॉक्टरांनी विचारलं, निशाणीचं काय? मला वाटलं, ऑपरेशन म्हणजे जिथे दुखणं तिथे चीर. पण नाही. हल्ली म्हणे वाटा निघाल्या आहेत. त्यांनी नवा कागद ओढला. एक वाट तोंडातून: खालचा ओठ उलटा करून आतून छिद्रं पाडायची, हनुवटीखालून खाली उतरायचं, बाहेर काडीचीही खूण नाही. दुसरी काखेतून: तिथे चीर, मग कातडीखालून गळपट्टीच्या हाडावरून बोगदा खणत गळ्यापर्यंत. तिसरी कानामागून, केसांच्या कडेने. चौथी आपली जुनी, सरळ समोरून, मानेवर. एखाद्या सहलीच्या कंपनीत बसल्यासारखं वाटत होतं. अर्थात प्रत्येक वाटेला काटे होते. तोंडातून गेलं तर हनुवटी काही काळ बधिर. काखेतून गेलं तर खांदा भरून येणार. कानामागून गेलं तर कानाची पाळी आपली वाटेनाशी होणार. आणि समोरून गेलं तर दिसणार. "घाई नाही," डॉक्टर म्हणाले, "घरी विचार करून सांगा."

त्यांची एवढीच एक चूक झाली. विचार मी खरोखरच घरी घेऊन आले.

तुमच्या बंधूंनी तोंडाची वाट धरली. बाहेर निशाणी नको, बस. त्यांनी त्या ऑपरेशनचे व्हिडिओ शोधून काढले आणि जेवताना आम्हाला त्यांचं वर्णन ऐकवलं. आईंनी ताट बाजूला सारलं. "ज्या तोंडाने घास आत जातो त्याच तोंडातून गाठ बाहेर? आणि मग त्याच तोंडाने पुन्हा जेवायचं?" आईंचं मत काखेला. तिथे कोण बघायला येतंय, शिवाय ती जागा देवाने झाकूनच दिली आहे. त्यावर तुमचे बंधू म्हणाले, की गाठ गळ्यात आणि खोदकाम काखेत, म्हणजे नळ स्वयंपाकघरात गळतोय आणि गवंडी गॅलरीत बसलाय. आई म्हणाल्या, तुला नळ तरी कधी नीट करता आला? तिथून पुढचं संभाषण नळावर गेलं आणि माझी मान ताटात तशीच राहिली.

तुमचं मत तुम्हाला ठाऊकच आहे, पण तुम्ही ते स्पीकरवर दिलंत तेव्हा तुमच्या आवाजाने शेजारच्यांनाही कळलं, म्हणून लिहिते: कानामागून, आणि केस जन्मभर मोकळे सोडायचे. "मानेवर चीर म्हणजे कोणी गळा कापल्यासारखी दिसते गं!" हेही तुम्हीच. (त्यानंतर दोन दिवस घरात कोणी सुरी उचलली की मी खोलीबाहेर जात असे.) स्टुडिओत मालकांना सांगितलं, तर ते बराच वेळ दिव्याची तार गुंडाळत राहिले आणि म्हणाले, "कानामागून नको. सरकारी फोटोत कान दिसायला लागतात." मालकांच्या मते माणसाला चेहरा असतो तो पुढे कधीतरी फोटो लागेल म्हणून.

लेकीने तेवढं मत दिलं नाही. दारात उभी राहून तिने सगळ्यांचं ऐकलं, मग "मान कोणाची आहे पण?" एवढं विचारलं आणि आत गेली. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणाकडे वेळ नव्हता. मी दमले होते, वन्सं. गाठीने नाही, मतांनी. माझ्या मानेवर एवढी चर्चा लग्न ठरवतानाही झाली नव्हती. कधी कधी वाटायचं, राहू दे ती गाठ जिथे आहे तिथे. ती निदान गप्प तरी आहे.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी साधाच प्रश्न विचारला: गाठ कधीपासून आहे? मी तोंड उघडायच्या आत तुमचे बंधू म्हणाले, "मागच्या महिन्यापासून." त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. आईंना दिसली तेव्हापासून ती आहे. पण डॉक्टरांचं पेन थांबलं. "महिन्यात एवढी?" त्यांनी गाठीचं माप पुन्हा पाहिलं, रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग मऊ आवाज आणखी मऊ करून म्हणाले, की एवढ्या झपाट्याने वाढली असेल तर नुसत्या सुईच्या तपासणीवर मी भरवसा ठेवणार नाही. मग वाट-बीट काही नाही, समोरून मोठं उघडायचं, कदाचित दोन्ही बाजू काढायच्या, आणि नसेजवळचं कामही जास्त. मी म्हटलं, महिन्यापासून नाही हो, बरीच वर्षं असेल. "किती?" ते मला सांगता येईना. "जुने फोटो आहेत का? मान दिसेल असे? त्यावरून कळेल."

तुमचे बंधू खुशीत आले. फोटोंना आपल्या घरी काय तोटा! बायकोच फोटोतली! ते रिक्षा करून घरी गेले आणि सगळे अल्बम घेऊन आले. आईही बरोबर आल्या, कारण अल्बम एकटे पाठवायचे कसे.

पुढचा प्रसंग तुम्ही पाहायला हवा होता. डॉक्टरांनी अल्बम उघडला. पान उलटलं. आणखी एक उलटलं. चष्मा काढून पुसला. लेकीचा पहिला वाढदिवस, तिचा शाळेतला सत्कार, आमची डोंगरावरची सहल, गृहप्रवेश. सगळीकडे मी, आणि सगळीकडे माझी मान सोललेल्या अंड्यासारखी. गाठ नाही, घडी नाही, तीळ नाही. मध्येच त्यांनी एका फोटोवर बोट ठेवून तुमच्या बंधूंना विचारलं, "या तुमच्या भगिनी का?" तुमचे बंधू म्हणाले, "आई आहे ती माझी." डॉक्टरांनी समोर बसलेल्या आईंकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा आईंकडे. आई प्रसन्न हसल्या. "मी पहिल्यापासून अशीच दिसते," म्हणाल्या.

मला सांगावंच लागलं, की डॉक्टर, हे सगळे फोटो माझ्या हाताखालून गेले आहेत. घरात आलेला एकही फोटो मी साफ केल्याशिवाय छापलेला नाही. तुमचे बंधू म्हणाले, माझे नाही. मी म्हटलं, तुमचेही. "माझ्या फोटोंत साफ करण्यासारखं काय आहे?" त्यांच्या लाडक्या फोटोतली ती रेखीव हनुवटी मी दोन तास बसून कोरली आहे, हे त्यांना त्या दिवशी, परक्या माणसासमोर कळलं. ते हनुवटी चाचपत बसले. (तुम्ही आता त्यांना काही बोलू नका. अजून आरशासमोर जरा जास्त वेळ थांबतात.)

"म्हणजे खरा असा एकही फोटो नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मोबाइलमधले? तेही कोणाला पाठवायच्या आधी मी हात फिरवूनच पाठवते. दुसऱ्यांनी काढलेले? ते लोक माझ्याकडेच छापायला देतात. वन्सं, असं वाटलं की एवढी वर्षं मी या घरात राहत होते याला काही पुरावाच नाही. डॉक्टर म्हणाले, मग मला वाईटातलं वाईट धरूनच चालावं लागेल. परत येताना रिक्षात अल्बम माझ्या मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. स्टुडिओ उघडला की आमचा एक रिवाज आहे. गिऱ्हाईक यायच्या आत मालक दिवे लावतात आणि मला म्हणतात, "बसा." मी स्टुलावर बसते, ते एक फोटो काढतात, उजेड कमी-जास्त आहे का ते बघतात, "उठा" म्हणतात, मी उठून मागे जाते. संपलं. तो फोटो कोणाचा नसतो. उजेडाचा असतो. त्या दिवशी त्यांनी "उठा" म्हटलं आणि मी उठलेच नाही. मी विचारलं, "हे फोटो तुम्ही पुसता का हो?" मालक म्हणाले, "मी काहीच पुसत नाही." आणि हे खरं आहे. त्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला एक अख्खा चहा होतो तो त्याचमुळे, आणि त्यावरून मी त्यांना वर्षानुवर्षं टोमणे मारत आले आहे.

आम्ही दोघं बसून ते फोटो बघितले. अगदी पहिले, मी नवी कामाला लागले तेव्हाचे, ते कालपर्यंतचे. रोज तेच स्टूल, तीच मागची करडी भिंत, आणि मी. यात मी कॅमेऱ्याकडेसुद्धा बघत नाहीये, दिव्याकडे बघते आहे, कारण आपला फोटो निघतोय असं मला कधी वाटलंच नव्हतं. केस ओले असलेल्या सकाळी आहेत. लेकीला ताप होता त्या सकाळी आहेत, पापण्या मिटायला आलेल्या. माझे बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा कामावर आले त्या दिवसाचा चेहरा आहे. तो असा कुठे ठेवलेला असेल हे मला माहीत नव्हतं. मी त्यावर थांबले. मालकांनी पुढचा फोटो लावला.

आणि गाठ. ती होती. आधी नुसती एक शंका, मग वाटाणा, मग सुपारी, मग आजची. घाई कुठेच नाही. वर्षांमागून वर्षं, अगदी सावकाश, घरात एखादा लांबचा पाहुणा मुक्काम वाढवत नेतो तशी. मालक म्हणाले, "मला वाटायचं दिव्याची सावली आहे. मी कितीदा दिवा हलवला."

हे सगळं एका पेनड्राइव्हवर घालून डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. अशी सावकाश वाढ म्हणजे साधीच गाठ, रिपोर्टशी जुळतं, एकच बाजू काढायची. मग त्यांनी अलीकडचा एक फोटो मोठा केला आणि पडद्यावर बोट टेकवलं. माझ्या मानेवर आडवी एक घडी आहे, गळ्याच्या खळग्याच्या थोडी वर. पडद्यापुढे मान घालून बसून बसून पडलेली. "मला हीच हवी होती," म्हणाले. "अल्बममध्ये शोधत होतो, सापडत नव्हती." चीर या घडीतच द्यायची. कातडी तिथे आपसूक दुमडते, तिच्या रेषेत गेलेली चीर तिच्यातच मुरते, वरून टाका दिसणार नाही असं आतून शिवायचं, वर्षभराने शोधावी लागेल. मी विचारलं, आणि तोंड, काख, कान? ते म्हणाले, तुमची गाठ मोठी आहे. तोंडातून काढायची तर आत तुकडे करावे लागतील, आणि तुकडे झाले की तपासणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. जिथे घडी आयती मिळाली आहे तिथे लांबचा वळसा कशाला?

मला हसू आलं, वन्सं, आणि मग थांबेना. प्रत्येक फोटोत मी सगळ्यांत आधी जी रेघ पुसते, तीच यांना हवी होती. डॉक्टरांना वाटलं मी घाबरले, म्हणून त्यांनी पाणी मागवलं.

घरी आल्यावर निर्णय सांगितला. तुमचे बंधू म्हणाले, मी पहिल्यापासून समोरूनच म्हणत होतो. आई म्हणाल्या, मीच म्हटलं होतं, लपवाछपवी कशाला. कोणी कधी तसं म्हटलेलं मला आठवत नाही, पण मी होय म्हटलं. एकमत झालं की झालं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल द्यायच्या आधी डॉक्टर निळं पेन घेऊन आले. ती खूण माणूस बसलेला असतानाच करतात, कारण आडवं झालं की घड्या सरकतात. मान वर करा, खाली करा, गिळा. त्यांनी रेघ मारली आणि मला आरसा दाखवला. इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, डावं टोक केसभर वर गेलंय." त्यांनी पाहिलं. पुसलं. पुन्हा मारली. मी म्हटलं, आता ठीक, पण उजवीकडे जरा आखूड चालेल. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना आधी झोपवू का?" आणि झोपवलं.

जाग आली तेव्हा गळा आवळल्यासारखा, तोंड कोरडं, आणि एक नर्स चेहऱ्यावर वाकून म्हणत होती, "काहीतरी बोला बघू. काहीही बोला." मला कळत होतं ती का विचारते आहे. एवढे दिवस मी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. मी तोंड उघडलं, आणि दिवसभर मी गिऱ्हाइकांना जे सांगते तेच बाहेर आलं: "हनुवटी जरा खाली. खांदे सरळ." नर्सने खांदे सरळ केले. आवाज जाडाभरडा होता, पण होता. मी डोळे मिटले आणि पुन्हा झोपले.

त्यानंतर काही दिवस तो भसाडाच राहिला. एका गिऱ्हाइकाने फोनवर मला "साहेब" म्हटलं. तुमचे बंधू म्हणाले, फार भारदस्त वाटतंय, असाच ठेवता येईल का? आता तो परतला आहे. हाक मारली की तिघंही हलतात, पूर्वीइतकीच नाखुशीने. गाठीचा पक्का रिपोर्ट आला, साधीच होती. निशाणी सध्या गुलाबी आहे, बोटाच्या दोन पेरांएवढी. उन्हात झाकायची, जेल लावायचं, हळू चोळायचं. बघायला येणाऱ्या बायका मात्र नाराज होऊन जातात. एवढ्या लांबून येतात, मी स्कार्फ बाजूला करते, आणि त्या "एवढंच?" म्हणतात. त्यांचं तोंड पडलेलं आईंना बघवत नाही. त्या लगेच सांगतात, "आतून फार मोठं होतं हो!"

तर असं सगळं. यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि तुमच्या घरात माझ्याहून लहान कोणी सापडलं तर त्याला आशीर्वाद. प्रकृतीला जपा. गुडघ्यांनाही.

आपली,
मानेसकट भावजय

ता. क. तुम्ही पाठवलेला स्कार्फांचा गठ्ठा पोचला. रंग सुरेख आहेत. लेकीने पळवले. एक माझ्यासाठी उरला आहे, तो शेवाळी, जो तुम्हाला स्वतःलाच नको होता असं मला वाटतं.

ता. क. दुसरा. मोठा करून फ्रेम करायला तुम्ही जो फोटो पाठवलात, तो मी अजून छापलेला नाही. "गळ्याजवळची सावली तेवढी काढ" असं तुम्ही लिहिलं आहे. वन्सं, ती सावली नाही. त्या फोटोत उजेड तुमच्या डाव्या हाताच्या खिडकीतून आला आहे, म्हणजे सावली उजवीकडे पडायला हवी. ही डावीकडे आहे, उजेडाच्या बाजूला. एरवी तुम्ही कशावरही माझ्याशी वाद घाला, पण हे माझं रोजचं काम आहे. आरशासमोर उभ्या राहा, घोटभर पाणी तोंडात घ्या, मान किंचित वर करून गिळा, आणि ते पाण्याबरोबर वर सरकतं का बघा. बहुतेक साधंच निघेल. माझं निघालं. पण फोटोवरून ते मला सांगता येत नाही आणि पुसून तर मुळीच सांगता येत नाही. पुढच्या बुधवारी सकाळी तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मंगळवारच्या बसने या. मी स्टँडवर येते. आईंना किंवा यांना काही कळवलेलं नाही, नाहीतर तुमच्या मानेच्याही वाटा ठरवायला बसतील.

ता. क. शेवटचा. वर एका ठिकाणी मला भीतीबिती वाटली नाही असं लिहिलं आहे. फार वाटली होती. सुईच्या तपासणीच्या वेळी तुमचे बंधू बाहेर बिलाच्या रांगेत उभे होते आणि मी आत एकटी होते. तुमच्या वेळी मी आत येईन, डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. वाटेत, बाकावर, टेबलावर आडव्या होईपर्यंत तुम्ही हवं तेवढं बोला. फक्त सुई आत असताना बोलायचं नसतं, गिळायचंही नसतं. तेवढा वेळ माझा हात दाबा.